कोऱ्या काठाचं फुलपाखरू

तोंडावर सगळे तिला ताई म्हणत आणि पाठ वळली की शीताई. हॉस्पिटलच्या तळघरातल्या लॉन्ड्रीत एकतीस वर्षं काढलेल्या बाईला किळस यावी, याची लोकांना गंमत वाटायची. पण तिला ती येत होती, आणि आली की ती गप्प बसत नव्हती. डॉक्टरच्या गाऊनच्या खिशात अर्धं चावलेलं बिस्किट सापडलं, की "शी!" धुतलेल्या अभ्र्याला कुणी नाक पुसलं, की "शी!" नवे साहेब लॉन्ड्री बघायला आले, तळहातावर शिंकले आणि तोच हात त्यांनी पुढे केला, तेव्हा तिने त्यांच्या हातात कोरा टॉवेल ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आधी हा घ्या."

मात्र रक्ताच्या, पुवाच्या, उलटीच्या चादरींना तिने एकदाही शी म्हटलं नाही. त्या ती कोपरापर्यंत हात घालून उलगडायची. "आजारी माणसाचा डाग तो डागच नाही," ती नव्या बायकांना सांगे. "त्याला काय कळतंय बिचाऱ्याला? धडधाकट माणसं घाण करतात ना, त्याची मला शिसारी येते."

लॉन्ड्रीतलं तिचं मुख्य काम धुणं नव्हतंच. धुऊन, वाळून आलेल्या चादरी वेगळ्या करणं हे तिचं काम. एकेक चादर ती बल्बसमोर धरी, काठावरून अंगठा फिरवी आणि तीनपैकी एका ढिगात टाकी: चालू, विरलेली, फाडायची. चालू परत वॉर्डात जायच्या, विरलेल्या लहान मुलांच्या खाटांवर, कारण त्या मऊ असतात, आणि फाडायच्या त्यांची फडकी. अंगठा काठावर कधी चुकत नसे. मधला भाग धुऊन, इस्त्री करून कुणीही नवा दाखवेल, पण काठ लपत नाही, असं ती म्हणे. पुढे पुढे बायकांना या तीन शब्दांचा चाळाच लागला. कँटीनचा चहा कुठल्या ढिगात? विरलेला. शिंकणारे साहेब? वरून चालू दिसतात गं, धरून बघा, फाडायचे आहेत! इस्त्रीवर काम करणारी एक हसरी बाई या खेळात सगळ्यांत तरबेज होती. निवृत्त होताना शीताईने लॉन्ड्री तिच्या ताब्यात दिली, आणि सगळ्या बायकांनी मिळून शीताईच्या हातात एक कॅमेरा ठेवला.

कॅमेराच का, तर तळघराला खिडकी नव्हती. एकतीस वर्षं बाहेर ऊन आहे की ढग, हे तिला वरून येणाऱ्या माणसांच्या चपला पाहून कळायचं. "आता बघा जरा बाहेर," बायका म्हणाल्या.

तिने बाहेर पाहिलं, आणि बाहेरचीही तिला किळस आली. थुंकलेल्या भिंती, मोबाइलवर ओरडणारी माणसं, फोटो काढताना ओठांचा चंबू करणाऱ्या पोरी. कॅमेरा दोन महिने कपाटात पडून होता. मग एकदा बागेतल्या बाकावर बसली असताना शेजारच्या झुडपावर एक फुलपाखरू येऊन बसलं. त्याला वास नव्हता, आवाज नव्हता, ते कुणाच्या अंगाला अंग घासत नव्हतं. जगात एक तरी स्वच्छ प्राणी आहे, असं तिला वाटलं, आणि ती त्याच्या नादी लागली.

घरी ती आणि तिची वहिनी, दोघीच. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनी स्वभावाने गोड आणि हाताने गबाळी. चहाचं गाळणं चोथ्यासकट बेसिनमध्ये टाकणारी, ओला टॉवेल गादीवर पसरणारी. दिवसातून दहा वेळा शीताई तिला "शी वहिनी!" म्हणे आणि वहिनी हसून "बरं वन्सं" म्हणून पुन्हा तेच करी. फुलपाखरांच्या स्वच्छतेच्या भ्रमाचा भोपळाही वहिनीनेच फोडला. नातेवाइकाच्या मुलाचं पुस्तक चाळता चाळता ती एकदम म्हणाली, "अहो वन्सं, तुमची ही सोवळी पाखरं शेणावर बसतात की! चिखल चोखतात, सडकी फळं चोखतात. इथे लिहिलंय, कुत्र्याच्या घाणीवरसुद्धा."

शीताईचं जेवण त्या दिवशी तसंच राहिलं. पण फुलपाखरांना ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी म्हणाली, "त्यांना मीठ लागत असेल. मिळेल तिथून घेतात. आपल्यासारखं उगाच थोडंच करतात?" म्हणजे फुलपाखरं आजारी माणसांच्या यादीत गेली, आणि प्रश्न मिटला.

गावात फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्यांचं एक मंडळ होतं, तिथे ती जाऊ लागली. मंडळाचे प्रमुख दातांचे डॉक्टर. पांढरे शुभ्र कपडे, पांढरे शुभ्र दात, बोलणं मधात घोळलेलं. त्यांचे फोटो पाहून माणूस थक्क व्हावा. फूल ताजं, पाखराचे पंख पसरलेले, त्यावर दवाचे मोजके थेंब. शीताईचे फोटो बहुतेक हललेले. "ताई, धीर धरायला शिका," डॉक्टर म्हणत. "माझ्यासमोर ती आपसूक शांत बसतात." ऐकणारे माना डोलवत. शीताईसुद्धा डोलवायची, हे इथे सांगून टाकलेलं बरं.

त्या हिवाळ्यात हॉस्पिटलने मंडळाला पत्र पाठवलं. तळमजल्याचा लांब कॉरिडॉर नवा रंगवला होता, त्याच्या मधोमध एक मोठा फोटो लावायचा होता: हिवाळा तरून आलेलं वर्षातलं पहिलं फुलपाखरू. रुग्णांना उमेद वाटावी म्हणून. आणि शक्यतो हॉस्पिटलच्याच माणसाने काढलेला. मंडळात हॉस्पिटलचं माणूस म्हणजे एक शीताईच.

हा कॉरिडॉर तिला पाठ होता. लॉन्ड्रीचा जिना तिथेच वर निघतो. एकतीस वर्षं ती चादरींची गाडी ढकलत तिथून वर आली होती, आणि एकतीस वर्षांत तिला तिथे कुणी थांबून नमस्कार केला नव्हता. लोक गाडीला वाट देत, गाडीमागच्या बाईला नाही. आता त्याच भिंतीवर आपलं नाव लागेल, वडिलांच्या नावासकट पूर्ण, हे तिला हवं होतं. इतकं हवं होतं की तिचं तिलाच नवल वाटलं. वहिनीपाशी ती तसं बोललीही. "मला हवंय ते वहिनी. लोभ म्हण हवं तर."

थंडी ओसरायला लागल्यावर ती रोज सकाळी निघे. बागेत काही नव्हतं, झाडं नागडी, जमीन थिजलेली. तिसऱ्या आठवड्यात पहिलं ऊन पडलं, आणि तिला सुचलं की ऊब शोधायची तर ती आपल्याला ठाऊक आहे! लॉन्ड्रीच्या वाफेचा पाइप हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीतून बाहेर निघतो. ती भिंत हिवाळाभर कोमट असते. आजूबाजूला कचऱ्याच्या पिशव्या, फुटलेली बादली, कुत्र्यांचा वावर. नाकाला पदर लावून ती तिथे उभी राहिली, आणि तासाभराने भिंतीच्या भेगेतून एक विटकरी रंगाचं फुलपाखरू चालत बाहेर आलं.

चालतच आलं, कारण उडण्याजोगं त्याच्यात फार उरलं नव्हतं. एका पंखाचा कोपरा गेलेला, रंग उडालेला, काठ झिजून दशा निघालेल्या. अंगठा न फिरवताच तिला कळलं: विरलेलं. भिंतीवर ते बराच वेळ ऊन खात बसलं, मग कसंबसं उडून खाली आलं आणि बसलं ते नेमकं कुत्र्याच्या विष्ठेवर. सोंड उलगडून चोखायला लागलं.

"शी गं बाई," शीताई म्हणाली, आणि गुडघे टेकून बसली. गुडघा कशात टेकला हे तिने पाहिलं नाही. श्वास धरला, कारण वासही सोसवत नव्हता, आणि त्यामुळेच असेल, तिचा हात पहिल्यांदा हलला नाही. फोटो लख्ख आला. पंखावरची एकेक दशा दिसत होती.

मंडळाच्या बैठकीत तो फोटो पडद्यावर आला आणि कुणीतरी फिस्सकन हसलं. एक बाई रुमाल तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बाई, हे त्याच्याखाली काय आहे?" डॉक्टर हसले नाहीत. ते समजूतदारपणे म्हणाले, "ताई, नोंद म्हणून उत्तम. पण रुग्ण बघणार हो. फाटकं पाखरू, तेही घाणीवर? उमेद कशी वाटायची?"

शीताईचे कान तापले. त्यांच्यावर रागावून तापले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. तिला लाज वाटली ती आपल्या फोटोची, आणि त्या विरलेल्या पाखराची.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला. "ताई, तुमचंच नाव भिंतीवर लागावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. मंडळाचाही मान आहे त्यात. दुपारी दवाखान्यात या, कॅमेरा घेऊन. पेशंट नसतात तेव्हा."

दवाखाना डॉक्टरांसारखाच चकचकीत होता. खुर्ची, दिवा, चिमट्यांचा ट्रे, पायाने उघडायची कचऱ्याची बादली. खिडकीशी एका कुंडीत पिवळ्या फुलांचं रोप, मागे निळा कागद. डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि कोपऱ्यातला छोटा फ्रिज उघडला. वरच्या खणात भुलीची इंजेक्शनं, खालच्या खणात त्यांचा स्वतःचा जेवणाचा डबा, आणि त्या डब्याला चिकटून दुसरा एक डबा. तो त्यांनी बाहेर काढला. आत पांढऱ्या नॅपकिनवर तीन विटकरी फुलपाखरं आडवी पडली होती, पाय पोटाशी घेऊन.

"मरत नाहीत, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. "झोपतात. बाहेर काढली की दोन मिनिटं मिळतात. तेवढ्यात उरकायचं."

शीताईची नजर नॅपकिनवर गेली. सवयच ती. नॅपकिनवर तांबूस डाग होते.

"हे रक्त नाही," ती म्हणाली.

"वा! नाहीच. कोषातून बाहेर पडल्यावर ती एक थेंब टाकतात. ही कालच निघाली. हीटरपाशी कोष ठेवले की वेळेआधी निघतात."

कालची बाळं. बाळंतपणाच्या चादरी तिने हजारोंनी उलगडल्या होत्या. तिला दिसत होतं ते सगळं एकाच वेळी दिसत होतं: ते पाय, ते डाग, शेजारचा जेवणाचा डबा, आणि मंडळात दोन वर्षं मान डोलवणारी आपण. शी हा शब्द घशापर्यंत आला. तो तिने गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला, कारण समोर कुंडी मांडलेली होती आणि भिंत तिला अजून हवी होती.

डॉक्टरांनी चिमट्याने एक पाखरू उचललं. चिमटा जरा जोरात लागला, पंख मधोमध मुडपला. "च्," ते म्हणाले, पायाने बादली उघडली आणि ते आत टाकलं. बादलीत रक्ताळलेले कापसाचे बोळे होते. झाकण पडलं. "हरकत नाही, अजून दोन आहेत."

दुसरं त्यांनी फुलावर ठेवलं, चिमट्याच्या टोकाने त्याचे पंख उघडले, आणि दात धुवायच्या पिचकारीने त्यावर बारीक पाणी मारलं. हे ते दव! "हं ताई, घ्या. लवकर."

तिने कॅमेरा डोळ्याला लावला. पाखरू हलत नव्हतं. तेवढ्यात बादलीतून आवाज आला. प्लॅस्टिकची पिशवी सरसरल्याचा, थांबून पुन्हा सरसरल्याचा. तिला कळलं. ऊब लागून ते जागं झालं होतं आणि बोळ्यांमध्ये धडपडत होतं. बादली तिच्या उजव्या पायापासून हातभर लांब होती. पायाने दाबायची, हात घालायचा, झालं. याहून वाईट ठिकाणी तिने रोज हात घातला होता. पण डॉक्टर तिच्याकडे बघत होते, आणि दोन मिनिटं संपत चालली होती.

तिने फोटो काढले. अकरा काढले. अकराही सुरेख आले.

खरं सांगायचं तर तेव्हा तिला आनंदच झाला. दवाखान्याचा जिना उतरेपर्यंत तो टिकला. घरी येऊन तिने हात धुतले, साबण बदलून पुन्हा धुतले, आणि वहिनीला फोटो दाखवला. वहिनी म्हणाली, "छान आहे हो वन्सं. अगदी कॅलेंडरवरचं." मग म्हणाली, "ते दुसरं नाही का पाठवणार? ते फाटकं? मला आवडलं होतं ते. त्याला बघून वाटायचं, बाई गं, आलीस एकदाची."

"शी, ते कसलं," शीताई म्हणाली. बेसिनमध्ये गाळणं चोथ्यासकट पडलं होतं. त्या दिवशी तिने वहिनीला त्याबद्दल काही म्हटलं नाही.

पंधरा दिवसांनी फोटो लागला. हॉस्पिटलने तो केवढा तरी मोठा केला होता, दारापेक्षा रुंद. खाली पितळी पट्टी: "हिवाळा तरून आलेलं वर्षातलं पहिलं फुलपाखरू." त्याखाली तिचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. समारंभाला डॉक्टरांनी तिच्या धीराचं कौतुक केलं. शिंकणाऱ्या साहेबांनी तिचा हात हातात घेतला, आणि या वेळी तिने टॉवेल पुढे केला नाही.

माणसं पांगल्यावर ती बाकावर बसून राहिली. जिन्यावरून गाडीची चाकं वाजली आणि चादरींमागून इस्त्रीवाली वर आली. गाडी तशीच सोडून ती फोटोसमोर उभी राहिली आणि ओठ हलवत तिने पट्टी वाचली.

"ताई! पूर्ण नाव लावलंय तुमचं! मी खालच्या सगळ्यांना घेऊन येते थांबा. किती सुंदर दिसतंय!" मग ती फोटोच्या जवळ गेली, आणि बोलता बोलता तिचा अंगठा पंखाच्या काठावरून फिरला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. शीताईनेच तो अंगठा तयार केला होता.

"ताई, एक विचारू? हे हिवाळा काढून आलंय ना?"

"तसं लिहिलंय खाली."

"मग याचा काठ कसा कोरा? आपल्याकडे एक रात्र अंगाखाली गेलेली चादरसुद्धा अशी राहत नाही." तिच्या बोलण्यात खोच नव्हती, तिला खरंच नवल वाटलं होतं. "हे तर घडीवरचं दिसतंय. एकदाही न वापरलेलं." आणि हसून तिने जुना खेळ काढला. "सांगा मग, कुठल्या ढिगात टाकू?"

शीताईने पंखांकडे पाहिलं. एवढ्या मोठ्या फोटोत एकही दशा नव्हती. पाण्याचे थेंब मात्र स्वच्छ दिसत होते, पिचकारीचे, एकसारखे. आणि तिला ती सरसर ऐकू यायला लागली, इथे, भर कॉरिडॉरमध्ये.

"फाडायचं," ती म्हणाली.

इस्त्रीवालीला आधी हसू आलं. मग तिने ताईचं तोंड पाहिलं आणि हसू आवरलं.

फोटो भिंतीत स्क्रूने बसवला होता. शीताईने बोलावलेला दुरुस्तीवाला आला, आणि त्याने नकारार्थी मान हलवली. "असं कसं काढू बाई? हॉस्पिटलची वस्तू आहे. कागद लागतो."

"बाद चिठ्ठी चालेल?" शीताईने विचारलं.

"चालेल की. लॉन्ड्रीचा शिक्का असला म्हणजे झालं. पुढचं साहेब बघतील."

बाद चिठ्ठ्यांचं पुस्तक गाडीला दोरीने बांधलेलं असतं. निकामी चादर त्यावर नोंदवून काढून टाकायची. रकाने शीताईनेच आखून घेतले होते, फार वर्षांपूर्वी, भांडून. तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि लिहायला लागली. अक्षर नेहमीसारखं आलं. वस्तू: फोटो. नग: एक. कारण या रकान्यात चार शब्द छापलेले होते, फाटले, विरले, हरवले, डाग. तिने डाग या शब्दाभोवती गोल केला.

शेवटचा रकाना होता, डाग कशाचा. रक्त, औषध की अन्न, ते तिथे लिहायचं असतं, म्हणजे कुठला डाग धुऊनही जात नाही ते कळतं. हा रकाना रिकामा सोडला म्हणून तिने कितीजणींना फैलावर घेतलं होतं. तिने लिहिलं: धडधाकट माणसाचा.

खाली सही केली आणि पुस्तक पुढे केलं. इस्त्रीवालीने वाचलं आणि शिक्का मारला.